मेदाचें कोठार आणि मधुमेहाचें औषध

चरबी म्हणजे निव्वळ ओझें, असा आपला समज असतो. वस्तुतः तें शरीराचें कोठार आहे. कोठारांत न मावलेलें धान्य ओसरीवर सांडतें, तशी मेदपेशींत न मावलेली चरबी यकृतांत व स्नायूंत शिरते आणि तेथें इन्सुलिनचें कांहीं चालेनासें होतें.

सडपातळ मनुष्यहि यांतून सुटत नाहीं. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक व इंग्लंडचे डॉ. जॉन युडकिन यांचें एकत्र छायाचित्र २००४ सालीं ‘लॅन्सेट’मध्यें प्रसिद्ध झालें. उंचीच्या मानानें दोघांचें वजन सारखेंच. परंतु चरबी युडकिनांची ९.१ टक्के, तर याज्ञिकांची २१.२ टक्के!

पायोग्लिटाझोन हें औषध नेमकें या कोठारावर काम करतें. मेदपेशीच्या केंद्रकांतील ‘पीपार-गॅमा’ नांवाच्या प्रथिनास तें चिकटलें, कीं कांहीं जनुकें जागीं होतात व विशिष्ट एन्झाइमें, म्हणजे रासायनिक क्रिया घडविणारीं प्रथिनें, अधिक तयार होऊं लागतात. त्यांपैकीं लायपोप्रोटीन लायपेज हें रक्तांतील चरबी फोडून पेशींत शिरण्याजोगी करतें. दुसरें फॉस्फोइनॉलपायरुव्हेट कार्बोक्सिकायनेज (नांव उच्चारतांना जीभ अडखळते खरी!) आंत आलेलीं मेदाम्लें बांधून ठेवण्यास साह्य करतें. जनुकांमार्फत चालणारें हें काम सावकाशीचें. म्हणून पूर्ण गुण येण्यास कित्येक आठवडे लागतात. गंमत अशी, कीं रोग्याचें वजन वाढतें, तरी रक्तांतील साखर उतरते.

औषध निर्धोक मात्र नव्हे. मूत्राशयाच्या कर्करोगाच्या शंकेवरून भारत सरकारनें जून २०१३ मध्यें त्याची विक्री थांबविली व जुलैअखेर, वेष्टनावर इशारा छापण्याच्या अटीवर, पुन्हां चालू केली. शिवाय तें शरीरांत पाणी सांठवितें. दुबळ्या हृदयास तें झेपत नाहीं. आमच्या नागपुरांतील वाचकांपैकीं कोणाच्या घरीं वडील मंडळी हें औषध घेत असतील व त्यांच्या पायांस सूज दिसेल, तर डॉक्टरांस त्वरित कळवावें. आपल्याच मतानें औषध सोडूं नये.