अभ्यंगस्नानाचे पाणी जाते कुठे?

गेल्या नरकचतुर्दशीची पहाट. उटणे लावून घेता घेता आमच्या धाकट्या चिरंजीवांनी मोरीच्या जाळीकडे बोट दाखवले, "बाबा, हे पाणी जाते कुठे?"

"गटारात."

"आणि तिथून?"

मी निरुत्तर! दिवाळीची सुट्टी संपण्यापूर्वीच एका परिचित इंजिनियरांना गाठले आणि आम्ही पितापुत्र नाकाला रुमाल लावून शहराच्या मैलापाणी शुद्धीकरण केंद्रात दाखल झालो.

प्रथम लागली लोखंडी जाळी. तिच्यात चिंध्या, पिशव्या, निर्माल्य आणि चक्क एक चप्पल! पुढच्या टाकीत वाळू बसते. मग एका मोठ्या टाकीत पाणी दोनेक तास संथ राहते. जड घाण तळाशी जाते, तेल-तूप वर तरंगते.

पण पाण्यात विरघळलेली घाण निवळत नाही. ती खातात कोट्यवधी सूक्ष्म जीव! त्यांना भरपूर हवा हवी, म्हणून यंत्रे रात्रंदिवस बुडबुडे सोडत असतात. हवा थांबली, की हे जीव गुदमरतात. मँचेस्टरच्या आर्डर्न आणि लॉकेट यांनी १९१४ साली ही रीत जगापुढे मांडली. पुढच्या टाकीत हे जीव गाळ होऊन खाली बसतात. त्यातला काही गाळ पुन्हा हवेच्या टाकीत सोडायचा, दुधाला विरजण लावावे तसा!

उरलेला गाळ बंद टाकीत, हवेविना, तीनेक आठवडे कुजतो. त्यातून गोबरगॅससारखाच जळाऊ वायू निघतो. मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठरोग्यांच्या आश्रमात १८९७ सालीच मैल्यापासून असा वायू मिळवला होता. शेवटी गाळ वाळवतात. त्यात कारखान्यांची विषारी द्रव्ये नसतील, तर त्याचे खत होते.

"मग नदी काळी का?" चिरंजीवांचा प्रश्न.

"इथवर पोचते तेवढेच पाणी आम्ही स्वच्छ करतो, बाळ," इंजिनियर म्हणाले. "कितीतरी नाले थेट नदीला मिळतात. आणि मोरीत ओतलेले तेल वाटेतच थिजून गटार तुंबवते. मग कुणाला तरी आत उतरवतात."

संरक्षक साधनांशिवाय माणसाला गटारात उतरवण्यास २०१३ च्या कायद्याने बंदी आहे. तरीही माणसे उतरतात आणि त्या सूक्ष्म जीवांसारखीच हवेवाचून गुदमरतात.

मी खाली मान घातली. चकल्यांच्या तळणीचे उरलेले तेल मोरीत ओतले होते, ते मीच.

यंदा त्या तेलासाठी घरात वेगळा डबा आहे. त्यावर चिरंजीवांनी खडूने लिहिले आहे, 'मोरीत नाही!'