हौज कटोऱ्यापर्यंत

गेल्या वैशाखात माझ्या हृदयावर शस्त्रक्रिया झाली. अचलपुरास घरी परतलो तेव्हा डॉक्टरांचा हुकूम होता, रोज थोडे चाला. पण तुळशीवृंदावनापर्यंत जातानाच धाप लागे. पुन्हा वर्गात उभा राहीन की नाही, या विचाराने रात्र सरता सरत नसे.

उपाय काढला तो सौभाग्यवतींनी. दुपारी त्या मला या. मा. काळे यांचा ‘वऱ्हाडचा इतिहास’ वाचून दाखवू लागल्या. १४९० साली इमादशाही उभी राहिली आणि आमचे गाव तिची राजधानी झाले, हे मी विद्यार्थ्यांना कितीदा तरी सांगितले असेल. पण दुखणे विसरून ऐकले ते तेव्हाच.

शेजारचे स्नेही म्हणाले, “सर, पावलं कशाला मोजता? ठिकाणं मोजा!” मग पहिला मुक्काम ठरला दुल्हा दरवाजा. धाकटी कन्या हात धरी, स्नेही गप्पांत गुंतवीत. तिथवर पोचायला दीड महिना लागला!

दसऱ्यानंतर अर्धी वाट रिक्षाने आणि अर्धी पायी, असे हौज कटोऱ्याला गेलो. या अष्टकोनी मनोऱ्याला पूर्वी पाच मजले होते म्हणतात. आज तीन उरले आहेत, पण उभा आहे ताठ. माझा हात नकळत छातीवरच्या व्रणाकडे गेला.

“बाबा, आता गाविलगड?” कन्येने विचारले.

वाचकहो, १५ डिसेंबर १८०३ रोजी वेलस्लीने तो गड घेतला. त्याला घाई होती, आम्हांला नाही.