हळदीच्या युनिटची जमीन घसरती नको

आपल्या वर्धा जिल्ह्याच्या वायगाव हळदीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. पण हळद धुताना, शिजवताना जमीन ओलीच राहते. आमच्या गटातली एक ताई गरम पाण्याचं घमेलं घेऊन घसरली, तेव्हा आम्ही जाग्या झालो.

दळण-पॅकिंगच्या खोलीत इपॉक्सीचा थर चालतो. पाय धरावा म्हणून त्यात बारीक वाळू टाकायला सांगा. उकळतं पाणी सांडतं तिथे इपॉक्सीचे पोपडे निघतात. तिथे पीयू काँक्रीट टिकतं. उतार नालीकडे हवा.

नवं काँक्रीट २८ दिवस राहू द्या. मग प्लास्टिकचा तुकडा चारही कडांनी चिकटवून रात्रभर ठेवा. सकाळी खाली ओल दिसली, तर थर लावू नका.

शेवटचे पैसे देण्याआधी ठेकेदारासमोर पाणी ओता, चालून बघा.