टाचेमागची दोरी

टाचेच्या हाडाच्या थोडे वर, मागच्या बाजूला चिमटीत धरून पाहा. एक जाड, टणक दोरी हाताला लागेल. मराठीत हिला कंडरा म्हणतात. घरातली कन्नड माध्यमाची मुले 'स्नायुरज्जु' म्हणतील. रज्जू म्हणजे दोरी, कन्नडमधला हग्ग. नाव चपखल आहे; पण ही नुसती दोरी नव्हे, स्प्रिंगही आहे.

स्नायू आखडतो आणि कंडरा ती ओढ हाडापर्यंत पोचवते. पोटरीची ही कंडरा सुमारे १५ सेंटिमीटर लांब, शरीरातली सर्वांत जाड आणि बळकट. ती कोलॅजेन या प्रथिनाच्या तंतूंची बनलेली असते. ताण नसताना हे तंतू किंचित नागमोडी असतात. त्यामुळे कंडरा आधी सहज ताणते, तंतू सरळ झाले की मात्र घट्ट होते.

धावताना पाऊल टेकले की शरीराच्या वजनाच्या कितीतरी पट भार तिच्यावर येतो. ती ताणते, ऊर्जा साठवते आणि पाऊल उचलताना त्यातली सुमारे नव्वद टक्के परत देते. १९८७ साली इंग्लंडमधील लीड्सचे प्रा. मॅकनील अलेक्झांडर व सहकाऱ्यांनी याचा हिशेब मांडला. धावताना दर पावलाला जी ऊर्जा खर्ची पडते, तिच्या सुमारे ३५ टक्के ही कंडराच साठवते आणि स्नायूंचे कष्ट वाचवते.

मात्र तिला रक्तपुरवठा कमी. स्नायू काही आठवड्यांत बळावतो, कंडरेला महिने लागतात. म्हणूनच आठवडाभर खुर्चीत बसून रविवारी एकदम क्रिकेट किंवा बॅडमिंटन खेळणाऱ्या तिशी-चाळिशीच्या मंडळींची ती तुटते, बहुधा टाचेपासून २ ते ६ सेंटिमीटर वर. मागून कुणी लाथ मारल्यासारखे वाटते, 'टप्' असा आवाजही येतो. अशा वेळी चोळत, शेकत बसू नये. त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. सिप्रोफ्लॉक्सासिनसारख्या काही अँटिबायोटिक गोळ्यांनीही हा धोका वाढतो. त्या चालू असताना टाचेमागे दुखू लागले तर डॉक्टरांना लगेच सांगावे.

कंडरेला विश्रांतीइतकाच बेताचा भारही लागतो. रोज चालणे, चवड्यांवर सावकाश उभे राहून तितक्याच सावकाश टाचा टेकवणे, आणि खेळ थोडा थोडा वाढवणे, एवढे पुरे. दोरी जपायची तर तिला खुंटीवर टांगून ठेवू नये, आणि एकदम हिसकाही देऊ नये.