गोळीबरोबर घरही हवे

एसटी स्टँडवर किंवा देवळाच्या पायरीवर, केसांच्या जटा झालेली, स्वतःशीच बोलणारी बाई दिसली की लोक ‘वेडी आहे’ म्हणून पुढे जातात. तिला बहुधा स्किझोफ्रेनियासारखा आजार असतो आणि तो औषधांनी आटोक्यात येऊ शकतो. पण गोळी रोज घ्यावी लागते. त्यासाठी पोटात अन्न हवे, रात्री निर्धास्त झोप हवी, गोळ्या ठेवायला निदान एक कोनाडा हवा. म्हणूनच रुग्णालयातून बरे होऊन सुटलेले अनेक जण पुन्हा रस्त्यावर येतात.

मग रात्रनिवारे? सरकारी निकष एक लाख शहरी लोकसंख्येमागे शंभर जणांच्या एका निवाऱ्याचा. त्या हिशोबात आष्टीसारखे गाव बसतच नाही. शिवाय तिथे मिळतो तो आसरा, घर नव्हे.

आष्टीहून ६६ किलोमीटरच्या रेल्वेमार्गाने नगरला गेले की वेगळे उत्तर दिसते. डॉ. राजेंद्र आणि डॉ. सुचेता धामणे यांच्या ‘माउली सेवा प्रतिष्ठान’ची सुरुवात १९९८मध्ये रस्त्यावरच्या माणसांना जेवण पोचवण्यापासून झाली. पुढे बेघर मनोरुग्ण महिलांसाठी कायमचे घर उभे राहिले. मुदत संपली म्हणून तिथून कुणाला बाहेर काढत नाहीत.

चेन्नईच्या ‘द बनियन’ संस्थेने आणखी एक पाऊल टाकले. चार-पाच जणींना साध्या वस्तीत भाड्याचे घर, सोबत मदतनीस. स्वयंपाक, बाजार, शेजारपाजार सगळे आपले आपण. कॅनडात पाच शहरांत दोन हजारांहून अधिक बेघरांवर असाच प्रयोग झाला: आधी घर, मग हवे ते उपचार. घर मिळालेले बहुतेक घरातच टिकले. आजाराची लक्षणे मात्र इतरांच्या तुलनेत फारशी जास्त कमी झाली नाहीत, हेही सांगायला हवे. घर हे औषध नव्हे. घरामुळे औषध घेणे जमते.

आपल्याकडे २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्यात अशा आधारासह निवासाची तरतूद आहे. कागदावर. तोवर एक गोष्ट कुणालाही करता येते. स्वतःची काळजी घेऊ न शकणारी, भरकटलेली मनोरुग्ण व्यक्ती दिसली तर पोलीस ठाण्याला कळवा. तिला ताब्यात घेतल्यावर २४ तासांच्या आत जवळच्या सरकारी रुग्णालयात नेणे ही पोलिसांची कायदेशीर जबाबदारी आहे. तिला कोठडीत ठेवता येत नाही. सल्ल्यासाठी ‘टेलि-मानस’चा मोफत क्रमांक १४४१६.