दलालाविना घरविक्री : पैसा वाचवा, पण कागद सांभाळा

४० लाखांच्या सदनिकेवर दोन टक्के दराने दलाली म्हणजे ८० हजार रुपये. ती वाचवण्यासाठी अनेक जण स्वतःच गिऱ्हाईक शोधतात. कायद्याची त्याला आडकाठी नाही. मात्र दलालाचे काम मग आपल्यालाच करावे लागते.

प्रथम भाव. ऐकीव आकड्यांवर विसंबू नका. महाराष्ट्र शासनाचा रेडी रेकनर दर आणि त्याच इमारतीतील अलीकडच्या व्यवहारांची 'सूची क्रमांक २' पाहा. दस्तात नोंदवलेली किंमत तिच्यात असते.

नंतर कागदपत्रे. मूळ खरेदीखत, सोसायटीचे शेअर सर्टिफिकेट व थकबाकी नसल्याचा दाखला तयार ठेवा. घर दिवंगत वडिलांच्या नावावर असेल, तर आई-बहिणींसह सर्व वारसांच्या सह्या घ्या. एक सही राहिली तरी सौदा कोर्टात अडकू शकतो.

इसाराची रक्कम चेकनेच घ्या. घराच्या व्यवहारात २० हजार वा अधिक रोख घेण्यास २०१५ पासून बंदी आहे. नोंदणी झाली तरी पूर्ण रक्कम बँकेत जमा होईपर्यंत किल्ली देऊ नका. ८० हजार वाचवताना ४० लाखांचे घर पणाला लागता कामा नये.