कचऱ्याचा ताळेबंद

घरातील कचरा वेगवेगळा ठेवण्याचा, दुधाच्या पिशव्या धुऊन वाळत घालण्याचा, रद्दी, पत्रा, बाटल्या निराळ्या बांधण्याचा जो खटाटोप आता घरोघरी करावा लागतो, त्याचा खरोखर काही उपयोग आहे काय? व्यापारी कुटुंबातील कर्त्या माणसाने हा प्रश्न विचारला, तर त्यामागे आळसच असतो असे नाही. जिथे श्रम आणि वेळ खर्ची पडतो तिथे पदरात काय पडते, हे विचारण्याची त्याला सवय असते आणि ती सवय चांगली आहे. बँकेत कर्जाचा प्रस्ताव तपासताना आम्हीही प्रथम हेच विचारीत असू. तेव्हा या विषयाकडे भावनेने न पाहता हिशेबाने पाहावे, हे बरे.

केवळ रुपयांत मोजायचे, तर हा धंदा आतबट्ट्याचा आहे. समजा, एखाद्या घरातून महिन्याला आठ किलो रद्दी निघाली आणि किलोला बारा रुपये भाव मिळाला, तर हाती शंभर रुपयेही येत नाहीत. प्लास्टिक आणि पत्र्याचे मिळून आणखी वीस-पंचवीस. गृहिणीने रोज दहा मिनिटे यासाठी दिली, तर महिन्याचे पाच तास होतात. तासाला पंचवीस रुपये मजुरीवर आज कोणी काम करील असे वाटत नाही. येथेच वही मिटली, तर उत्तर ‘नाही’ असेच येते. परंतु ही नोंद चुकीच्या खात्यावर झालेली आहे. रद्दीवाल्याने दिलेले पैसे हे या व्यवहाराचे उत्पन्न नव्हे, ती त्यातली किरकोळ जमा आहे. खरी रक्कम दुसऱ्याच पानावर आहे.

या प्रश्नावर परदेशातही कडाक्याचा वाद झालेला आहे. अमेरिकेत १९९६ साली जॉन टियरनी यांनी ‘न्यूयॉर्क टाइम्स मॅगझिन’मध्ये एक लेख लिहून घरगुती पुनर्वापराची मोहीम म्हणजे पैशाचा अपव्यय आहे, असे मांडले आणि मोठी खळबळ उडवून दिली. पुढे २००२ साली न्यूयॉर्क शहराने खर्च परवडत नाही म्हणून काच आणि प्लास्टिक वेगळे गोळा करणे थांबवले. कागद आणि धातू मात्र चालू ठेवले. ते का, हे लक्षात घेण्याजोगे आहे. त्यांना बाजार होता. प्लास्टिकचे संकलन वर्षभराने आणि काचेचे २००४ मध्ये पुन्हा सुरू करण्यात आले. म्हणजे हिशेबी माणसांनी हा खर्च बंद करूनही पाहिला आणि पुन्हा मांडूनही पाहिला.

आपल्याकडे हा वाद जसाच्या तसा उचलून चालत नाही. तिथे वेगळा केलेला कचरा नगरपालिका पगारी माणसे, गाड्या आणि यंत्रे लावून गोळा करते. तो तिच्या अंदाजपत्रकातील खर्च असतो. आपल्याकडे पुनर्वापर ही सरकारी मोहीम नव्हती, ती बाजारपेठच होती. जुन्या साड्यांच्या बदल्यात स्टीलचे पातेले देणारी बोहारीण, पितळेची मोड तोलून घेणारा भांड्यांचा दुकानदार, दारावर हाक देणारा रद्दीवाला, ही सारी त्या बाजारपेठेचीच माणसे. आजही घरातून निघालेला पत्रा भंगारवाल्याकडून घाऊक व्यापाऱ्याकडे आणि तेथून जालन्यासारख्या ठिकाणच्या भट्टीत जातो व बांधकामाची सळई होऊन परत येतो. रद्दी आणि पुठ्ठा वापीच्या परिसरातील कागद गिरण्यांत पोहोचतो आणि खोक्यांचा तपकिरी कागद होतो. धारावीतील तेरावे कंपाउंड तर प्लास्टिक निवडणे, दळणे आणि वितळवून दाणे पाडणे यासाठीच प्रसिद्ध आहे. पाण्याच्या बाटलीचे तुकडे होऊन त्यांतून पॉलिएस्टरचा धागा निघतो. आपल्यापैकी कापडाचा व्यापार करणाऱ्यांच्या दुकानात तो धागा नकळत येऊनही गेला असेल.

या साखळीची पहिली कडी मात्र दुकानदार नव्हे, कचरा वेचणारी बाई आहे. पुण्यात १९९३ साली कचरा वेचकांची ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ ही संघटना उभी राहिली. बाबा आढावांसारख्या ज्येष्ठ कार्यकर्त्यांचे तिला पाठबळ होते. सभासदांत बहुसंख्य स्त्रिया, त्यांतही दलित समाजातील. याच संघटनेतून ‘स्वच्छ’ ही कचरा वेचकांची सहकारी संस्था जन्मली आणि २००८ पासून महानगरपालिकेशी करार करून तिचे सभासद घरोघरी जाऊन कचरा घेऊ लागले. त्यांच्या मिळकतीचे भाग दोन: घरटी मिळणारे मासिक शुल्क, आणि सुक्या कचऱ्यातून निवडलेल्या मालाची विक्री. हा दुसरा भाग सर्वस्वी आपल्या स्वयंपाकघरात ठरतो. कोरडा, स्वच्छ पुठ्ठा विकला जातो; डाळीच्या पाण्यात भिजलेला पुठ्ठा विकला जात नाही. वस्तू तीच आणि वजनही तेच, पण एक माल आहे, दुसरा घाण.

आता श्रमाचा हिशेब पुन्हा मांडू. भाजीची साले एका डब्यात आणि बिस्किटाचा पुडा दुसऱ्या डब्यात टाकायला आपल्याला जास्तीचे दोन सेकंद लागतात. या दोन्ही वस्तू एका पिशवीत घालून गाठ मारली, की त्या वेगळ्या करण्याचे काम संपत नाही, केवळ हस्तांतरित होते. ते दुसरी कोणी स्त्री रस्त्याच्या कडेला उकिडवी बसून, बहुधा उघड्या हातांनी करते. त्या पिशवीत फुटलेला काचेचा पेला असतो, इन्सुलिनची सुई असते, कागदात न गुंडाळलेले सॅनिटरी पॅड असते. अर्थशास्त्रात याला बाह्य खर्च म्हणतात: वस्तू वापरणाऱ्याने न भरलेला आणि तिऱ्हाइताने सोसलेला. वाणिज्याच्या पुस्तकातील ही संज्ञा इतक्या उघडपणे दुसरीकडे कुठे पाहायला मिळत असेल, असे मला वाटत नाही. ओला, सुका आणि घरगुती घातक असे तीन भाग घरातच करणे २०१६ च्या घनकचरा नियमांनी बंधनकारक केले, ते याचसाठी. पॅड, डायपर कागदात गुंडाळून वर लाल खूण करावी, सुया टोपण लावलेल्या घट्ट डब्यात साठवून द्याव्यात. याला पुनर्वापर म्हणत नाहीत, तरी सगळ्या खटाटोपात सर्वाधिक मोलाचे काम हेच.

सर्व वस्तूंना सारखा न्याय लावण्याचेही कारण नाही. धातूबाबत वादच नाही. खनिजापासून ॲल्युमिनिअम बनवायला जेवढी ऊर्जा लागते, तिच्या पाच टक्क्यांच्या आसपास ऊर्जेत जुने वितळवून नवे होते, आणि ते कितीही वेळा करता येते. कागदाचे तसे नाही. प्रत्येक फेरीत त्याचा तंतू आखूड होतो आणि पाच-सात फेऱ्यांनंतर तो निकामी ठरतो; तरीही रद्दी जपणे निश्चितच फायद्याचे. मात्र कागदासारखे दिसते ते सर्व कागद नसते. चहाच्या कागदी पेल्याला आतून प्लास्टिकचा थर असतो. दुकानातील यंत्रातून निघणारे गुळगुळीत बिल रसायन लावलेल्या कागदाचे असते, ते रद्दीत घालू नये. लग्नपत्रिकांविषयी तर न बोललेलेच बरे: मखमल, चमकी, लॅमिनेशन आणि वर काचेचे खडे. दीडशे रुपयांची ती पत्रिका समारंभानंतर साध्या वर्तमानपत्राइतकाही भाव आणत नाही.

प्लास्टिकबाबत प्रामाणिकपणे बोलले पाहिजे. जगात २०१५ पर्यंत जेवढा प्लास्टिकचा कचरा निर्माण झाला, त्यातील सुमारे नऊ टक्केच पुनर्वापरात गेला, असा अंदाज २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका गाजलेल्या अभ्यासात मांडला होता. तेव्हा सगळे प्लास्टिक धुऊन ठेवले म्हणजे काम झाले, ही समजूत भाबडी आहे. पाण्याची बाटली, तेलाचा कॅन, शांपूची बाटली, दुधाची पिशवी यांना गिऱ्हाईक आहे. तळावर त्रिकोणात एक किंवा दोन आकडा असलेल्या वस्तू भंगारवाला सहसा नाकारत नाही. खाकरा, वेफर्स, मुखवास यांच्या चकचकीत पुड्या मात्र प्लास्टिक आणि धातूचे थर चिकटवून केलेल्या असतात, ते थर सुटे करणे परवडत नाही. फार तर त्या सिमेंटच्या भट्टीत इंधन म्हणून जातात. त्या धुण्यात पाणी घालवू नये. झटकून, कोरड्या करून सुक्या कचऱ्यात द्याव्यात, एवढे पुरे. दुधाची पिशवी विसळायची तीही भांड्यांच्या शेवटच्या पाण्यात, नळ सोडून नव्हे. आणि ती कापताना कोपरा पूर्ण तोडू नये. पिशवीला चिकटून राहिलेला कोपरा पिशवीबरोबर विकला जातो. सुटा झालेला नखाएवढा तुकडा कोणी वेचत नाही, तो गटारात जातो. या एका गोष्टीला श्रम तर शून्यच लागतात.

सर्वांत मोठी रक्कम मात्र ओल्या कचऱ्याच्या खात्यावर आहे. आपल्या घरांतील कचऱ्यात वजनाने निम्म्याहून अधिक भाग त्याचाच. तो ढिगाखाली हवेविना कुजला, की मिथेन तयार होतो. शंभर वर्षांच्या हिशेबाने हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे अठ्ठावीस पट उष्णता धरून ठेवतो. शिवाय तो पेटतो. मुंबईत देवनारच्या कचराभूमीला जानेवारी २०१६ मध्ये लागलेल्या आगीचा धूर इतका पसरला की आसपासच्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या. पुण्याचा कचरा वर्षानुवर्षे उरुळी देवाची आणि फुरसुंगी या गावांच्या शिवारात पडत राहिला, तेथील विहिरींचे पाणी नासले आणि ग्रामस्थांनी वारंवार गाड्या अडवल्या. ज्यांनी तो कचरा केला नव्हता, त्यांच्या नावे तो खर्ची पडला.

येथे आपल्या घरांतून एक अडचण हमखास पुढे येते: ओला कचरा डब्यात कुजत ठेवायचा म्हणजे जीवोत्पत्ती, मग ते आपल्या आचारात कसे बसावे? शंका हसण्यावारी नेण्यासारखी नाही. मुनींच्या पाच समितींमध्ये टाकून देण्याच्या क्रियेसाठी उत्सर्ग समिती स्वतंत्रपणे सांगितली आहे. कुठे टाकतो हे पाहून टाकावे, हा विचार आपल्याला नवा नाही. ज्यांना घरात खत करणे मनाला पटत नाही, त्यांनी ते करू नये. परंतु कचरा बंद पिशवीतून बाहेर गेल्याने जीवोत्पत्ती टळते असे थोडेच आहे? ती केवळ नजरेआड होते. त्यापेक्षा तो दिवसाचा दिवशी, वेगळा आणि उघडा गाडीवर द्यावा. शेंगांची टरफले, फ्लॉवरची पाने, कलिंगडाच्या साली असा स्वच्छ भाजीपाला जवळची गोशाळा किंवा पांजरपोळ घेत असेल, तर तिथे पोहोचवावा. मात्र तो पिशवीत बांधून चौकात ठेवू नये. अन्नाच्या वासाने गाय पिशवीसकट गिळते, ते प्लास्टिक पोटात साठत जाते, आणि पशुवैद्यांना शस्त्रक्रिया करून ते किलो-किलोने बाहेर काढावे लागते. एका बाजूला चारा-निधीची पावती फाडायची आणि दुसऱ्या बाजूला ही गाठ मारायची, याचा मेळ मला बसवता येत नाही.

‘आम्ही वेगळे केले तरी गाडीत सगळे एकच करतात’ ही तक्रार पुष्कळ ठिकाणी खरी आहे. एकट्या घराने तिच्यावर उपाय करता येत नाही, सोसायटीने करता येतो. कचरा कोणत्या गाडीत, कोणाच्या हाती जातो हे एक दिवस फाटकाशी उभे राहून पाहावे, मिसळला जात असेल तर प्रभाग कार्यालयात लेखी द्यावे, आणि सुका माल वेचक स्त्रीला थेट मिळेल अशी व्यवस्था करावी. तो तिच्या हाती गेला की मिसळण्याचा प्रश्न उरत नाही. विकता येणारी वस्तू कोणी कचऱ्यात घालत नाही.

घरापेक्षा दुकानाचा वाटा मोठा, हे आपल्या वाचकांना वेगळे सांगायला नको. दिवसाला पंधरा-वीस खोकी, त्यांवरच्या पट्ट्या, मालाला गुंडाळलेला पातळ प्लास्टिकचा कागद, हे सारे कोरडे आणि एकजिनसी असते, म्हणून त्याला घरच्या कचऱ्याहून चांगला भाव येतो. खोकी चपटी करून पावसापासून जपली तरी पुरते. जुन्या हिशेबाच्या वह्या आणि बिलबुके रद्दीत देण्याआधी मात्र तारीख पाहावी. वस्तू व सेवा कर कायद्यानुसार ती कागदपत्रे वार्षिक विवरणपत्राच्या देय तारखेपासून ७२ महिने जपावी लागतात, आणि त्या वर्षाचे एखादे प्रकरण चालू असेल तर त्याहूनही अधिक. मुदत संपल्यावर ग्राहकांची नावे आणि खाते क्रमांक असलेली पाने हाताने आडवी फाडून द्यावीत. यंत्रातून बारीक शेवया करून दिलेला कागद गिरणीच्या फारसा कामाचा राहत नाही.